मिथ्रासच्या देवळात नलिनी

नलिनी गेल्याचं तिच्या यजमानांनी, अरविंदरावांनी, फोनवर सांगितलं. "वहिनी, सकाळी गेली. झोपेतच," एवढंच ते म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले. तिच्या लाघवी स्वभावाबद्दल, लंडनच्या गणपतीत तिने म्हटलेल्या स्तोत्रांबद्दल लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण तिचं नाव निघालं की मला एक दुपारच आठवते, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

साठच्या दशकात आम्ही दोघी नवऱ्यांपाठोपाठ इंग्लंडच्या उत्तरेला आलो. माझे यजमान भूलतज्ज्ञ, अरविंदराव मानसोपचारतज्ज्ञ. एकाच हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये शेजारी राहायचो. नलिनी पुण्याची, संस्कृतची एम.ए. तिथे तिच्या संस्कृतला कोण विचारतो? दोन हिवाळे तिने स्वेटर विणण्यात घालवले. मग लायब्ररीत तिला एक नोटीस दिसली. रोमनांनी उत्तर सीमेवर बांधलेल्या जुन्या भिंतीजवळ एक देऊळ उकरत होते आणि त्यांना हौशी माणसं हवी होती. देऊळ मिथ्रासचं, हे वाचून ती तडक माझ्याकडे आली. "अगं, सूर्यनमस्कारातलं पहिलं नाव आठव. मित्राय नमः. तोच हा, रोमन शिपायांबरोबर इथवर पोचलेला." उत्खननाचे प्रमुख एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सौम्यपणे म्हणाले, नाव एक म्हणून देव एकच, असं नसतं, पुरावा लागतो. ते तिने कायमचं मनावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी मीही डबा घेऊन जायची. देऊळ म्हणजे जमिनीत उतरलेली एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही बाजूंना बसायचे ओटे, मधून वाट, टोकाला बैल मारणाऱ्या देवाचं फुटकं शिल्प. सुरा खुपसताना तो बैलाकडे बघत नाही, मान वळवून भलतीकडेच बघतो. खिडकी कुठेच नाही. इथे फक्त पुरुष येत, आणि आत काय चाले ते त्यांनी लिहून ठेवलं नाही. दाराशी माणूस जेमतेम मावेल असा, दगडांनी बांधलेला एक खड्डा निघाला. नव्या भक्ताला त्यात निजवून वर झाकण घालत असावेत, असा प्राध्यापकांचा तर्क होता. आत कितपत उजेड येतो ते बघायला बुटकं माणूस हवं होतं. नलिनी पाच फुटांची. साडीवर कोट, पायात गमबूट, अशी ती हसत खाली उतरली.

वर फळ्या ठेवल्या, फळ्यांवर ताडपत्री. भर दुपार होती, ऊनसुद्धा होतं. प्राध्यापक घड्याळ हातात धरून उभे राहिले. दोन मिनिटं. तेवढा वेळ माळावरचे पक्षी गप्प झाले असं मला वाटलं... माझ्याच मनाचा खेळ असेल. फळ्या काढल्या तेव्हा ती अगदी स्वस्थ पडली होती. उठून बसली आणि तिने विचारलं, "माझा हात कुणी धरला होता?"

एकदोघं हसले.

"उजवा," ती म्हणाली. "ऊबदार होता."

तिच्या उजवीकडे चार बोटांवर दगडी भिंत होती. प्राध्यापकांनी घड्याळ खिशात टाकलं आणि त्या दिवसाचं काम थांबवलं. मग चहा घेताना, कुणाकडेही न बघता, ते म्हणाले की या पंथात माणसाला उजवा हात हातात घेऊन आत घेत. ते लोक स्वतःला हात मिळवलेले म्हणवत. नलिनीच्या हातातला कप तसाच राहिला. तिने हे कुठे वाचलेलं नव्हतं. तिची पुस्तकं लायब्ररीतून मीच आणायची, आणि त्यांत ते नव्हतं.

अरविंदराव घाबरले. "अंधारात मेंदू असे खेळ करतो," म्हणाले. गोळ्या दिल्या, साइटवर जाणं बंद केलं. आठवडाभराने तिने त्यांना सांगितलं, भासच होता, आता पटलं. त्यांनी परवानगी दिली. त्याच संध्याकाळी जिन्यात ती मला म्हणाली, "मी खोटं बोलले गं. नाहीतर मला पुन्हा जाऊ दिलं नसतं."

"मग खरं काय?"

"हात होता. ओढत नव्हता, दाबत नव्हता... ये, एवढंच. पण बाईमाणसाला कसं काय, तेच कळत नाही."

ते शोधण्यात तिची पुढची सगळी वर्षं गेली. दोन्ही कुटुंबं लंडनकडे आलो, आम्ही स्टॅनमोरला, ते पिनरला. ती चाळिशीत लॅटिन शिकली, ट्रेनने लंडनच्या ग्रंथालयांत जाऊन शिलालेखांची टिपणं काढायची. बाईचं नाव तिला कुठेच सापडलं नाही. त्या खड्ड्यावरचा तिचा लेख एका नियतकालिकात छापून आला. लांबी, रुंदी, खोली, आणि शेवटी एक वाक्य: एका व्यक्तीला दोन मिनिटं आत ठेवलं असता उजेड आढळला नाही. "आणि हात?" मी विचारलं. "त्याला पुरावा नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आहे तो पुरावा मीच. मी गेले की तोही गेला." म्हणून हे लिहिते आहे.

तिचे कागद त्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना हवे आहेत. गेल्या रविवारी दुपारी ते बांधायला मी पिनरला गेले. अरविंदराव मला वर घेऊन गेले. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं आणि मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, त्यांची मुलगी आली असेल.

"आत कोणी आहे का?"

"नाही," ते म्हणाले. दवाखान्यात पेशंटशी बोलावं तसा त्यांचा आवाज शांत होता. "पण काम चालू असताना कुणी एकदम आत शिरलेलं तिला आवडत नाही."

मीही थांबले. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली, "चला आता," म्हणाले आणि दार उघडलं.