वाटलेली पत्रकं परत गोळा केली तेव्हा

फिल्मची पटकथा लिहिण्याआधी मी तिचं पत्रक लिहिलं. चूक तिथेच झाली, आणि ती माझ्यासारखीच्याच हातून होऊ शकते.

विद्यार्थी संघटनेत मी सतराव्या वर्षी आले. मेढ्याहून साताऱ्याला जाणारी कॉलेजच्या वेळेची एसटी बंद केली होती. मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं, एसटी सुरू झाली, आणि माझी समजूत पक्की झाली की बंद पडलेलं काहीही पत्रकाने सुरू होतं. आमच्या पत्रकात तीन परिच्छेद असतात. काय घडलं, जबाबदार कोण, मागणी काय. मधल्या परिच्छेदात कुणीतरी माणूस लागतोच. मी एकदा तिथे 'परिस्थिती' असं लिहिलं तर थोरल्या कार्यकर्त्यांनी खोडलं. म्हणाले, "परिस्थितीच्या दारात मोर्चा नेता येतो का?" दुसरा नियम असा की गावात पाय ठेवायचा तर आधी पत्रक वाटायचं, मग तोंड उघडायचं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मसुदा दाखवायची आमच्यात पद्धतच नाही. त्याच्या वतीने आपण लिहितोय ना, मग त्याला काय दाखवायचं! हे मला कधी खटकलंही नव्हतं.

सांगलीला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला पंधरा मिनिटांची फिल्म करावी लागते. सरांनी फळ्यावर 'कमिंग ऑफ एज' लिहिलं आणि त्याखाली 'वयात येणं'. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "हसून घ्या," सर म्हणाले, "नंतर यावरच मार्क आहेत." आमच्या गटात तिघं होतो. मी, हॉस्टेलमधली माझी खोलीसोबतीण, आणि कोयनानगरच्या कॉलनीतला एक गडी. त्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता, त्यामुळे त्याला सगळेच गट बोलवत होते. आमच्यातच का आलास, असं विचारलं तर म्हणाला, "तुमच्यात भांडणं लय होत्यात. फिल्मला बरं असतंय."

खोलीसोबतीण जत तालुक्यातली. घरी अर्धं मराठी, अर्धं कन्नड. एका रविवारी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने तिची गोष्ट सांगितली. तिला न्हाण आलं तेव्हा त्यांच्या गावच्या रिवाजाप्रमाणे तिला हिरवं लुगडं नेसवून, फुलं माळून पाटावर बसवलं. पाच दिवस बायका येऊन कन्नड गाणी म्हणत होत्या, ओटी भरत होत्या, खोबरं आणि डिंकाचे लाडू चारत होत्या. "मला तर आवडलं होतं," ती म्हणाली. सहाव्या दिवशी शाळेला निघाली तर सायकल जागेवर नव्हती. आई म्हणाली, आता वयात आलीस, सायकल बंद. शाळा शेजारच्या गावात, पाऊण तासाची वाट. एवढंच.

"फिल्म करायची तर आमच्या घरीच करू," चादरीचं टोक माझ्या हातात देत ती म्हणाली. "मला आईला विचारायचंय की सायकल का घेतली. एवढी वर्षं झाली, नुसतं समोर बसून विचारता येत नाही. कॅमेरा असला तर कामाचं म्हणून विचारता येईल. आईची परवानगी मात्र मीच काढणार."

तिला ही फिल्म कशासाठी हवी होती ते तिने इतकं सरळ सांगितलं होतं. मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात राहिली ती फक्त सायकल. मेढ्यात मला कुणी पाटावर बसवलं नव्हतं, नुसतं वेगळं बसवलं होतं, त्याचाही राग त्यात मिसळला. दोन दिवसांत पत्रक तयार. मथळा: 'तिची सायकल कुणी हिसकावली?' खाली, 'एका हुशार मुलीचं शिक्षण थांबवण्यात आलं.' मधल्या परिच्छेदात, 'जन्मदात्या आईनेच रूढीची चाकरी पत्करली.' शेवटी मागणी आणि 'या विषयावर आपल्या गावात चित्रीकरण होत आहे, साथ द्या.' गुलाबी कागदावर साठ प्रती काढल्या. नाव कुणाचंच घातलं नव्हतं. नाव घातलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटत होतं.

शनिवारी मिरज, कवठेमहांकाळ करत एसटीने गेलो. जतला उतरून दुसरी गाडी धरली. बाहेर ज्वारीची वाळलेली ताटं आणि मधूनच रस्ता ओलांडणारी मेंढरं. कोयनेचा गडी खिडकीतून बघत म्हणाला, "आमी धरणाचं पाणी बघून बघून कंटाळलो, आन हितं टँकरच्या मागं लिवलंय, पाणी हेच जीवन." फाट्यावर उतरलो. खोलीसोबतीण म्हणाली, "तुम्ही चहा घ्या. मी पुढे होते, आईला नीट सांगते. अर्ध्या तासाने या."

अर्धा तास म्हणजे आमच्या लेखी पत्रकं वाटायला दिलेला वेळ. हॉटेलात, पारावर, पिठाच्या गिरणीत, दुकानात साठच्या साठ वाटून झाली. फार शांत वाटत होतं. काम वेळेत झाल्यावर वाटतं तसं.

घरी पोचलो तर पत्रक आमच्या आधी पोचलं होतं. वडील मेंढरं घेऊन लांब गेलेले. आई उंबऱ्याच्या आत बसली होती, हातात गुलाबी कागद. लेक भिंतीला टेकून उभी. ती माझ्याकडे बघेना.

"या. पाणी घ्या," आई म्हणाली. आम्ही घेतलं. मग तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. "जन्म... दात्या आईनेच... रूढीची चाकरी." मान वर केली. "ही आई म्हंजी मीच का?"

"मावशी, तसं कुणा एकीचं नाही, हे समाजातलं..."

"गावात न्हाण घातल्यावर सायकल गेल्याली पोरगी एकच हाय. ही." लेकीकडे बोट. "आन हे काय? शिक्षण थांबवलं? कवा थांबवलं गं? रोज चालत जात हुती की! पायाला फोड यायचं तर मीच तेल लावायची. लिवायच्या आधी इचारायचं तरी."

कोयनेच्या गड्याने मध्ये तोंड घातलं. "आवं मावशी, हिला कुनी इचारून लिवायला शिकवलंच न्हाई."

"तू गप बस," मी म्हणाले.

"बरोबर बोलला त्यो," आई म्हणाली.

मग लेक बोलली. आधी कन्नडमध्ये काहीतरी, आणि मग मुद्दाम आम्हाला कळावं म्हणून मराठीत. "पण घेतली तर होतीसच ना सायकल?"

आईने कागदाची घडी घातली. "घेतली. त्या साली टँकर लांब थांबायला लागला, वढ्याच्या पल्याड. तुझा बा मेंढरामागं. डोईवरून कितीदा आणनार? सायकलला पाणी अडकवून ढकलत आणायची. तू यायच्या आत सायकल गिरणीत लावून यायची."

"मग तसं सांगायचंस. वयात आलीस का म्हणालीस?"

"तुला पाण्याचं सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, आई, मी आणती पाणी. तू तशीच हाईस. आन एकदा का तू पाण्याला लागली असतीस, मग शाळा कुठली! वयात आलीस म्हणलं की कुनी फुडं इचारत न्हाई. तू बी न्हाई इचारलंस."

लेक परसात गेली आणि मी तिच्या मागे गेले. "मला विचारायचं होतं," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात. "मला. तू गुलाबी कागदावर छापून विचारून टाकलंस." माफी मागायची मला सवय नाही. आमच्याकडे दुसऱ्याकडून लेखी माफी मागून घेतात. तरी मागितली. ती म्हणाली, "ते नंतर बघू."

परत आलो तेव्हा आई कॅमेऱ्याकडे बघत होती. "फिलम काढा," ती म्हणाली. "पण आधी हे कागद गोळा करा. गावात एक राहता कामा नये. आन तुला एवढाच राग येतोय तर टँकर लांब का थांबतोय त्यावर काढ की पत्रक. साकु, बास झालं, जावा आता."

वाटलेली पत्रकं परत मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पारावरच्या म्हाताऱ्याने घट्ट धरून ठेवलं. "दिल्यालं परत मागत्यात व्हय? मी अजून वाचलं बी न्हाई."

"न वाचलेलंच बरं आहे, आजोबा. चुकीचं लिहिलंय."

"मंग तर वाचतोच," म्हणाला, आणि सावकाश वाचूनच दिलं. हॉटेलवाल्याने दोन पत्रकांत गिऱ्हाइकांना शेव बांधून दिली होती. ज्यांना दिली त्यांची घरं शोधून शेव काढून कागद मागितले, तेलाने भिजून गेले होते, तरी आणले. प्रत्येक दारात मीच सांगत होते की शिक्षण थांबलं नव्हतं, ती चालत जायची. कुणीतरी म्हणालं, "ते आमाला म्हाईतच हाय." साठपैकी अठ्ठावन्न मिळाली. उरलेली दोन सापडलीच नाहीत, ती आईने सोडून दिली.

उन्हं उतरत असताना आम्ही ओसरीवर बसलो. कोरा कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून खोलीसोबतिणीने पत्रकं उलटी केली आणि मागच्या बाजूला पेन्सिलने शॉट लिहायला घेतले. माझ्या हातात पेन्सिल दिली नाही. पाटावर बसलेली मुलगी. लाडू. सायकलची रिकामी जागा. पायाला तेल लावणारे हात. मग तिने लिहिलं: 'आई ओढ्याच्या पलीकडून सायकल ढकलत येते. दोन्ही बाजूंना घागरी.'

"ही गोष्ट तू बघितलीस का कधी?" मी विचारलं.

"नाही. मी शाळेत असायचे."

आई चहा घेऊन मागे उभी होती. वाकून, अक्षर अक्षर लावत तिने ओळ वाचली.

"घागरी न्हाईत," ती म्हणाली. "घागर सायकलला टिकत न्हाई, वाटंतच निम्मी सांडती. कॅन हुते. तेलाचे, निळे. नीट लिवा."

लेकीने घागरी खोडल्या आणि वर कॅन लिहिलं. मग पेन्सिल खाली न ठेवता विचारलं, "किती होते?"