शाफ्टमधला ‘प्ले’

मंडळी, आज मी सूड घेतला आणि मला त्याची जराही लाज वाटत नाहीये.

मी कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात माल तपासते. माझं शिक्षण मराठी शाळेत, मग डिप्लोमा. गेल्या महिन्यात यंत्राच्या फिरत्या दांड्याबद्दल मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘शाफ्ट हॅज टू मच प्ले.’ सेल्समधून नवीनच आलेल्या मॅनेजरांनी ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं.

"प्ले? मॅडम, शाफ्ट काय क्रिकेट खेळतोय?"

सगळे हसले. प्ले म्हणजे खेळ, फार तर नाटक, एवढंच त्यांना ठाऊक. यंत्राच्या भाषेत प्ले म्हणजे ढिलेपणा, हे मी सांगायला लागले, तर म्हणाले, "आधी इंग्लिश सुधारा." वर सगळ्यांना मेल केला, ‘मॅडमचा शेरा काढलाय, माल पाठवा.’

आज गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर तोच माल घेऊन परत आले. शाफ्ट हलवून म्हणाले, "टू मच प्ले. तपासलं कोणी?"

मॅनेजरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग मी मालकांसमोर तो मेल वाचला. सावकाश, एकेक शब्द. मॅनेजरांचा चेहरा उतरत गेला, तशी मी आणखी सावकाश वाचत गेले.

मालक म्हणाले, "यापुढे मॅडमच्या सहीशिवाय माल जाणार नाही."

बाहेर आमचे फिटर रंगण्णा म्हणाले, "सरी अक्का, ठीक झालं, आता सोडून द्या."

सोडणारही होते. पण आत्ता मॅनेजरांचा मेसेज आलाय, ‘हे मला एकट्याला सांगता आलं असतं.’

मला ते एकटीला गाठून हसले होते का? काय उत्तर देऊ, सांगा.