चाक बदला, मग चावी

साकोलीत हायवेवर गॅरेज असलेला आमचा मेकॅनिक बोलताना माणसाकडे बघत नाही, गाडीकडे बघतो. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही पलंग आणि शेगडी बसवली आहे. यंदाच्या थंडीत ती घेऊन कोकण किनाऱ्याने फिरायचं ठरलं. त्याने ब्रेक आणि पाण्याचे पाइप बदलले, खाऱ्या हवेने पत्रा सडू नये म्हणून खालून काळा लेप लावला.

"समुद्र पाहिलाय का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. पण मीठ पायलं ना!" तो गाडीखालून म्हणाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी आणि नवरा गाडी आणायला गेलो. त्याने चांगलं फुगलेलं मागचं चाक दाखवलं. "हे काढा अन् स्टेपनी लावा. मंग चावी." लांब जाणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगतो.

"अहो, पहाटे निघायचंय!"

"समुद्र पळून जाऊन राहिला काय, मॅडम? घाटात मी थोडी येऊन राहिलो तुमच्यासंग."

मी चिडून ओढणी कमरेला बांधली. नट हलेना, तेव्हा सरळ पान्यावर उभी राहिले. तो कुरकुरत सुटला. तेव्हा मेकॅनिकने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि खदखदून हसला. स्टेपनी बसल्यावर त्याने एकेक नट तपासला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

नवऱ्याने ती घ्यायला हात पुढे केला.

"थांबा साहेब," तो म्हणाला, "तुमचं चाक बाकी हाय."

मी समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले आणि बघायला खुर्ची ओढली.