उत्तरेकडच्या फौजींना भेटायला

मी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावातल्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. दर नोव्हेंबरात व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, आला की मुलांकडून आभाराची कार्डं लिहून घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असा आमचा शिरस्ता. यंदा पुस्तकात इथल्या आदिवासी सैनिकांवर जेमतेम चार ओळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात लढायला गेले तेव्हा यांच्यातल्या कित्येकांना या देशाचं नागरिकत्वही नव्हतं, हे वाचून वर्गातली इरा म्हणाली, "दॅट मेक्स नो सेन्स. व्हाय वुड दे गो?" मला उत्तर येईना. म्हणून ठरवलं, ज्यांना येतं त्यांच्याकडेच जायचं.

खरं सांगायचं तर प्रश्न माझाही होता. माझे वडील, अण्णा, चोवीस वर्षं फौजेत होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळे त्याचं कुणालाच अप्रूप नव्हतं. ते का गेले, तिकडे काय पाहिलं, मी कधी विचारलं नाही. करोनामुळे विमानं बंद होती त्या वर्षी ते वारले. गावातल्या म्हाताऱ्या फौजींनी त्यांना खांदा दिला आणि मी इथे किचनमध्ये उभी राहून ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आजही कुठे गणवेशातला म्हातारा दिसला की त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी दोन गाड्यांतून पाच मुलं आणि आम्ही दोघं मोठे निघालो. दुसरी गाडी इराच्या बाबाची, निखिलची. तो नागपूरचा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, पण स्वतःला ब्रेक लावणं माहीत नाही. "ताई, चार तासांचा ड्राइव्ह आहे, साडेतीनमध्ये पोचवतो!" म्हणाला आणि पहिल्याच गॅस स्टेशनवर कॉफीसाठी वीस मिनिटं घालवली. हायवे ७५ ने सरळ उत्तरेकडे जायचं. शहर मागे पडलं की झाडंच झाडं, तीही या दिवसांत निष्पर्ण. गेलॉर्डला थांबून पास्टी खा. बटाटा-मांसाची भलीमोठी करंजीच म्हणा, एकीत पोट भरतं. शाकाहारी मिळेलच असं नाही, डबा सोबत ठेवा.

पेटोस्कीजवळ, मोठ्या तलावाच्या काठी, एका जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये, ओडावा या आदिवासी जमातीचा पॉववॉव होता, म्हणजे ढोल, नाच आणि एकत्र जेवण. हा खास सैनिकांच्या सन्मानाचा. प्रवेश सगळ्यांना खुला, तिकीट नाही. जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: ब्लँकेट टाकलेल्या खुर्चीवर बसू नका, ती कुणाची तरी असते. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला कॉस्च्युम म्हणू नका, रिगेलिया म्हणतात. फोटो विचारून काढा. हे सगळं मी मुलांना गाडीत दोनदा घोकून घेतलं होतं.

आणि चूक केली ती मीच.

झेंडे आत आले, मागोमाग सैनिक. कुणी काठी टेकत, कुणी व्हीलचेअरवर. मग नाच सुरू झाला आणि एका नाचणाऱ्याच्या रिगेलियातून गरुडाचं पीस निसटून माझ्या पायापासून हातभर अंतरावर पडलं. लहानपणापासूनची सवय. वही, पुस्तक, देवाचं फूल, काहीही खाली पडलं की पटकन उचलून कपाळाला लावायचं. मी वाकलेसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला. "नको. ते आमचं काम."

ढोल थांबला. निवेदकाने कॅमेरे बंद करायला सांगितलं. त्या बाई आणि आणखी तिघं सैनिक पुढे गेले. त्यांनी ते कसं उचललं, ते मी लिहिणार नाही. ते दाखवण्यासाठी नव्हतंच. मी मान खाली घालून उभी होते. लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

माझा दंड धरणाऱ्या त्या बाईंचं नाव डेलिया. आखाती युद्धात लष्करी ट्रकची मेकॅनिक होत्या. जेवताना जंगली तांदळाच्या सूपचे वाडगे घेऊन आमच्यात येऊन बसल्या. "पडलेलं पीस म्हणजे पडलेला सैनिक," त्या मुलांना म्हणाल्या. "त्याला सोबत्यांनीच उचलायचं."

मी माफी मागितली. त्या हसल्या. "वाकलीस ना? पुष्कळ जण तुडवून जातात."

इराने तिचा प्रश्न विचारला. सरकार असं वागलं, तरी गेलात कशाला?

"सरकारसाठी कोण जातं? ही जमीन आमची, हा तलाव आमचा. माझे आजोबा गेले होते, मावशी गेली होती. मग मी गेले." जरा थांबून म्हणाल्या, "तिकडे वाळवंटात मला रोज या तलावाच्या गार पाण्याची आठवण यायची. हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं कोण होतं फौजेत?"

"वडील."

"त्यांना कसली आठवण यायची?"

मी सूपमध्ये चमचा फिरवत राहिले. इराने टेबलाखालून माझा हात धरला. शाळेत मला मिसेस म्हणणारी मुलगी हळूच म्हणाली, "इट्स ओके, मावशी."

रात्री मुक्काम केला ते मोटेल हायवेलगतचं, साधं, स्वच्छ होतं. रविवारी सकाळी तलावाच्या काठी तासभर थांबलो आणि दुपारी घरी पोचलो. मुलं वाटभर डेलियाबद्दलच बोलत होती. पुढल्या वर्षीही मी मुलांना नेणार आहे. पुस्तकातल्या चार ओळींपुढे त्यांना आता पुष्कळ लिहिता येईल. मला मात्र अण्णांबद्दल एक ओळही लिहिता येत नव्हती.

सोमवारी शाळेला निघण्याआधी आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"आई, अण्णांना फौजेत असताना कशाची आठवण यायची गं?"

"मला कुठे बोलायचे ते," ती म्हणाली. "लेकीला सांगायचंय म्हणायचे. तू सुट्टीला आलीस की आज विचारेल, उद्या विचारेल, अशी वाट बघायचे. तू विमानात बसलीस की म्हणायचे, या खेपेला राहिलं."