ट्यूब फाडली, आता कशावर बसू?

मासेमारी ग्रुपवरच्या मंडळींनो, ट्रकची ट्यूब घे असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून आज सकाळी काय झालं ते तुम्हालाच सांगते.

नवरा गेल्यावर त्याची फायबरची होडी धाकट्या दिराने नेली. नवी मला परवडत नाही. पिंपांचा तराफा एकटीला उचलत नाही आणि थर्माकोलचा लगेच भुगा होतो. ट्यूब मात्र खांद्यावर टाकून नदीवर नेता येते. शहापूरहून जुनी आणली आणि वर फळी बांधली.

आज सापगावजवळच्या डोहात पहिल्यांदा एकटी उतरले. भीती वाटली, पण जाळ्यात दोन रोहू आले. काठाला आले तर दीर आणि सासूबाई उभे.

"वहिनी, लोकं हसतात आमाला. बाईमाणसाने पाण्यात जायचं नाय."

"मग भावजी, माझ्या पोरींना तुमी खायला घालाल का?"

त्यांनी कमरेचा कोयता काढला आणि ट्यूब फाडली. हवा गेली तेव्हा हसले. "आता जा पोहत."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी वाकून माझे मासे उचलले.

"चल गो, कालवण कर. धाकटा आज आपल्याकडं जेवल."

मी कालवण केलं. भावजींनी दोनदा मागून घेतलं.

आत्ताच भांडी घासून बसलेय. एकट्या बाईला उचलता येईल, परवडेल आणि कोयत्याने फाटणार नाही, असं काही तुमच्यापैकी कोणी वापरतं का? मला उद्या पुन्हा उतरायचंय.