वैशाखातली पोपटी

त्या लेखकावर आमच्या गावाइतकं प्रेम त्याच्या सासुरवाडीनेही केलं नसेल, आणि आमच्या गावाइतकी त्याची चेष्टाही कुणी केली नसेल. दोन्हीला कारण एकच पान. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीत बोटीवर नोकरी करणारा मुलगा कितीतरी वर्षांनी घरी येतो आणि आई तशीच शेतात जाऊन त्याच्यासाठी पोपटी लावते. त्या पानावर घाटावरची माणसं रडतात. आम्ही हसायचो, कारण मुलगा येतो वैशाखात.

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डी नावाच्या वासाच्या रानतणाचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या ओल्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी आणि वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि काटक्या रचायच्या आणि जाळ करायचा. हा सगळा थंडीतला खेळ. वालाला शेंगा थंडीत येतात, भांबुर्डीही तेव्हाच माजते. वैशाखात आमच्या शेतात फक्त भेगा असतात. त्या एवढ्या रुंद असतात, की आमची एक म्हैस एका भेगेत गेली ती थेट तळा गावच्या बाजारात वर आली. आत्याच्या मते ती म्हैस आम्ही तिथे विकली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, नारळी-सुपारीची वाडी सांभाळली आणि वाचनालय वाचून काढलं. ती आली की कपाटातली पुस्तकं अंग चोरून उभी राहतात, हे मी स्वतः पाहिलंय.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एकदा तो लेखक आमच्याकडे आला होता. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते प्रास्ताविकाला उभे राहिले तेव्हा खाडीला ओहोटी होती आणि बसले तेव्हा भरती येऊन गेली होती. लेखक डोळे उघडे ठेवून छान झोपला होता. शेवटी गुरुजींनी विचारलं, कुणाला काही शंका? आत्या उभी राहिली.

"वैशाखात शेंगा कुठून आणल्यात?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. लेखक जागा झाला.

"बाई, त्या मुलाला सुट्टीच वैशाखात मिळाली."

"मग पौषात आणायचात."

"पौषात नाही सोडलं बोटीवरच्यांनी. मी काय करू?"

"लिहिणारे तुम्ही."

"म्हणून तर. इतक्या वर्षांनी पोर दारात आलंय. हंगाम नाही म्हणून त्याला उपाशी परत पाठवू?"

सगळे हसले. आत्या हसली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आमच्या घरात एक थापाड्या आहे. तेवढा पुरे."

"म्हणजे तुम्हाला माझी सवय आहे," लेखक म्हणाला.

संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला आला. निघताना चपला घालता घालता आत्याला म्हणाला, "एकदा वैशाखातच येतो. बघू काय खायला घालता ते."

"पौषात या, पोपटी मिळेल. वैशाखात आलात तर पोहे."

तो पौषात आला नाही आणि वैशाखातही आला नाही. पण भांडण चालू राहिलं. त्याचं नवं पुस्तक आलं की पहिला नंबर आत्याचा. तिचं वाचून होईपर्यंत गुरुजी आमच्या ओसरीवर पाळीव मांजरासारखे घुटमळायचे. पुस्तक परत देताना ती एवढंच म्हणायची, "चांगलं आहे. शेंगांचं काही लिहिलेलं नाही."

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मी पनवेलला नोकरी करतो आणि मे महिन्यात घरी येतो. दरवर्षी वैशाख संपला की दुसऱ्या दिवशी आमच्या ताटात वालाच्या शेंगांची एक लिबलिबीत भाजी यायची. चव अशी, की कावळ्याला घातली तर त्याने तक्रार नोंदवावी. आम्ही तिला चिखलभाजी म्हणायचो. आत्या ती आणखी वाढायची.

गेल्या मे महिन्यात लेखक गेल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी घरीच होतो. आत्या परातीला तूप लावून साठासाठी, म्हणजे आंबापोळीसाठी, आंब्याचा रस पसरत होती. मी सांगितलं. तिने रस काठापर्यंत पसरवला, परात उन्हात नेऊन ठेवली, वर फडकं बांधलं.

"म्हणजे आता ते काही येत नाहीत," ती म्हणाली.

दुपारी गुरुजी आले. फोटो, हार, दोन मिनिटं शांतता आणि अकरा वक्ते, असा सगळा बेत ठरवून आले होते. पहिला वक्ता अर्थात गुरुजी.

"भाषणं नकोत," आत्या म्हणाली. "भाषणांत ते झोपायचे. उद्या पोपटी लावू."

"ताई, वैशाख चाललाय."

"म्हणूनच."

"आणि शेंगा?"

आत्या आत गेली. फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून बर्फाने पांढरी झालेली एक पिशवी घेऊन आली आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. आत वालाच्या शेंगा होत्या. माघात तोडून ठेवलेल्या.

गुरुजींना काही कळेना. मला कळलं. दर माघात ती एक पिशवी बाजूला ठेवायची. वैशाखभर वाट बघायची. महिना संपला की चिखलभाजी.

"तू तर त्यांना पोहे म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"पोहेही होते घरात."

गुरुजी गेल्यावर मी तिला विचारलं, "आणि उद्या शिजली तर?"

"तर त्यांचं बरोबर."

"नाही शिजली तर?"

"तर माझं." ती पिशवीवरचं बर्फ बोटाने खरवडत होती. "आता माझं बरोबर ठरून मी कुणाला दाखवू?"

आत्या आजवर कुणापुढे हरलेली नाही. तलाठी, वीजमंडळ, तीन चक्रीवादळं, सगळे तिला नमस्कार करून परत गेलेत. आत्याच्या मते वादळ एकच होतं आणि ते आमचे निम्मे नारळ घेऊन गेलं. तिला हरायचं आहे असं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यात मदत कशी करायची ते मला माहीत नव्हतं.

पाला हा मोठा प्रश्न होता. केळीची पानं घेऊ, असं गुरुजी फोनवर म्हणाले. आत्याने फोनच ठेवून दिला. आमच्या वाडीत पाटाचं पाणी उन्हाळाभर चालू असतं. त्या पाटाच्या कडेने, सुपारीच्या सावलीत मला भांबुर्डी सापडली. सात गावांना पुरेल एवढी खुडून आणली. आत्याच्या मते दोन मुठी होती, त्यातली एक मूठ गवत.

शेंगा तिने सकाळी पंच्यावर पसरल्या आणि एकेक करून पुसल्या. पोपटीला पाणी चालत नाही आणि बर्फ म्हणजे पाणीच. दुपारपर्यंत पुसत होती.

शेतात जाळ केला असता तर तालुका पेटला असता, म्हणून ऊन उतरल्यावर आम्ही मडकं सुरूच्या बनापलीकडे, ओल्या वाळूच्या कडेला नेलं. वाचनालयाचे सगळे सभासद आले. पेंढा रचला, पेटवला. वारा एवढा होता, की धूर हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन परत आला. जाळ धडाडत होता तेव्हा गुरुजींनी तेच पान मोठ्याने वाचलं. मुलगा दारात येतो, आई उठते. एरवी "वैशाख" हा शब्द आला की मागून हमखास कुणीतरी खाकरायचं. या वेळी कुणी खाकरलं नाही. वाचून झाल्यावर गुरुजींना भाषण करायचं होतं, पण त्यांना चष्मा पुसावा लागला आणि त्यात ते राहून गेलं.

मडक्यावर पाणी शिंपडलं की लगेच चर्र वाजलं पाहिजे, म्हणजे झाली. आत्याने शिंपडलं. वाजलं. फडक्याने धरून आम्ही मडकं रिकामं केलं, तर पाल्याबरोबर पाणीही आलं. खऱ्या पोपटीत ते कधी येत नाही.

मी घाईघाईने एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि जाहीर केलं, की अशी पोपटी तीन पिढ्यांत झालेली नाही.

"तू गप्प," आत्या म्हणाली. "त्यांनी खोटं लिहिलं ते मन लावून लिहिलं."

तिने एक शेंग उघडली, दाणे हातावर घेतले, खाल्ले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पाणी सुटलंय."

दुसरी उघडली. "वास बेताचा."

तिसरी शेंग ती बराच वेळ चावत राहिली. "शिजलीय मात्र," ती म्हणाली. "त्यांचं बरोबर होतं."

मग पदराने तोंड पुसून गुरुजींकडे वळली. "पण ओवा? त्यांच्या पोपटीत ओवाच नाही. बघा, आहे का त्या पानावर?"

गुरुजींनी पान शोधलं, बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली. ओवा नव्हता.

"विचारायला हवं होतं," आत्या म्हणाली आणि सगळ्यांना वाढायला लागली. एक वाटा पानावर घालून तिने वाळूवर थोडा लांब नेऊन ठेवला. तो कुत्र्याने खाल्ला. अंडी आधी, मग बटाटे. शेंगा तशाच ठेवल्या. "त्यालाही कळतं," आत्या म्हणाली.

त्या वर्षी वैशाख संपल्यावर ताटात चिखलभाजी नव्हती. तिची आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे थंडी आली. माघात मला नेहमीप्रमाणे रजा मिळाली नाही. आत्याचा फोन आला. नारळ, सुपारी, गुरुजींचा गुडघा असं सगळं झाल्यावर म्हणाली, "शेंगा ठेवल्यात फ्रीजमध्ये."

"आता कुणासाठी?"

"तुला सुट्टी कधी मिळते?"

मी मे महिना म्हटलं.

"मग? आणि पोहेही आहेत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.