काकूंनी शोधलेला जपानी सिनेमा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात आमच्या शेजारच्या काकूंइतकी हट्टी बाई झाली नाही, आणि झालीच असेल तर तिने काकूंना बघून हट्ट सोडला असेल. नालवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्या एकट्याच राहायच्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सायकल शिकायला निघाल्या. आठवडाभर रोज पडल्या, दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि नवव्या दिवशी तिच्यावरून भाजी घेऊन आल्या. शिंप्याने ब्लाउजची बाही आखूड केली, तेव्हा त्याच्याच दुकानात स्टूल ओढून बसल्या, आणि नवी बाही लागेपर्यंत त्याच्या तीन गिऱ्हाइकांचं ब्लडप्रेशर तपासून झालं होतं.

सन दोन हजारच्या आसपास केबलवर हिंदीत बोलणारं एक जपानी कार्टून लागायचं. त्यातली अनाथ पोरगी गावोगावच्या दीपस्तंभांचे दिवे दुरुस्त करत हिंडायची. काकूंचा तिच्यावर फार जीव. पण तिच्या आईवडिलांबद्दल मालिका चकार शब्द काढेना. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दोघांवर वेगळा सिनेमा निघालाय, पोरीच्या जन्माआधीपासूनची गोष्ट आहे, असं मी सहज बोलून गेले.

"मंग इथं काऊन बसून राह्यली? चाल नागपूरले!"

सीताबर्डीवर आम्ही सात दुकानं पालथी घातली. सहा जण हसले. सातव्याकडे सीडी निघाली, पण जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं.

"तू वाचून सांगजो," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कॉम्प्युटरवर सिनेमा लागला. मी वाचत होते, काकू पदराचं टोक मुठीत धरून बघत होत्या. वादळात बुडणारी जहाजं वाचवायला निघालेले ते नवराबायको परत येणार नव्हते. निघण्याआधी आई बाळाच्या कानात नाव सांगते.

"थांब. पुन्हा लाव."

तीनदा लावलं. मग काकू हळूच म्हणाल्या, "मी दोन वर्साची असतानी माय-बाप दोघंही पटकीनं गेले. मामानं वाढवलं. माह्यं नाव कोनं ठेवलं, मले कोनीच सांगतलं नाई. मीही कधी इचारलं नाई."

सकाळच्या पहिल्या एसटीने त्या मामाच्या गावी, हिंगणीला गेल्या. तिथली म्हातारी मामी अजून होती. संध्याकाळी परतल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात.

"बापानं ठेवलं! सेलूच्या बजारातून मायसाठी शेवंतीची फुलं आनली होती त्यानं. त्याच दिशी मी झाली. आता मले शेवंताच म्हनत जा."

असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईला नावाने हाक मारायची कोणाची छाती होईना. मी एकदा कुंपणावरून मारली, "शेवंताबाई!"

काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी इतक्या कोवळ्या आवाजात 'ओ' दिली, की मी कशासाठी हाक मारली तेच विसरले.